घाटावरची वरची जागा

"साब, काला माल ऊपर मत धुलवाओ. नीचे हम सब सफेद लेके खड़े हैं."

सकाळी सात वाजता जयपूरजवळच्या सांगानेरच्या घाटावर गुलाबजी मला हात जोडून सांगत होते. साठी उलटलेली, हात कोपरापर्यंत रंगलेले, स्वतःचं चार टेबलांचं छोटं छपाई युनिट. मी एका एक्सपोर्ट कंपनीचा प्रॉडक्शन मॅनेजर. इचलकरंजीचा, टेक्स्टाइलचा डिप्लोमा घेतलेला, आणि पंचाऐंशी-शहाऐंशीच्या त्या काळात स्वतःला फार शहाणा समजणारा. मी घड्याळाकडे बघितलं. म्हणालो, "गुलाबजी, शिपमेंट है. आज नहीं हो पाएगा."

ज्यांना छपाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी ठशांनी कापड छापलं की ते धुवावं लागतं. धुताना जास्तीचा रंग सुटतो. पाणी वाहतं असेल तर तो रंग निघून जातो, नाहीतर पांढऱ्या जागेवर परत बसतो. याला आम्ही बॅक स्टेनिंग म्हणतो. सांगानेरची सगळी शान त्या पांढऱ्या जमिनीत, म्हणजे नक्षीमागच्या कोऱ्या कापडात. ती मळली की माल रद्दीत गेला म्हणून समजा.

आता नदी एक आणि धुणारे पंधरा-वीस. म्हणून तिथे एक रीत होती. रोज सकाळी सगळे घाटावर बसायचे, चहा व्हायचा, कोणाचा काय माल आहे ते सांगायचे. पांढरा माल वरच्या अंगाला, लाल त्याखाली, काळा सगळ्यात शेवटी. दुपारनंतर काळा कोणीच धुवायचा नाही, कारण तेव्हा खालच्या गावची गुरं पाण्यावर यायची. हे सगळं गुलाबजी जमवायचे. कधी आवाज चढवला नाही की कोणाला हुकूम सोडला नाही. नुसते विचारायचे, "तेरा क्या है भाई?"

मला ती बैठक म्हणजे शुद्ध टाइमपास वाटायची. अर्धा तास चकाट्या! आमचे धुणारे तिथे बसलेले बघून माझं डोकं फिरायचं. त्यात काळ्या छपाईच्या चादरींची मोठी ऑर्डर आली. कंपनीच्या मालकांनी, शेटजींनी, केबिनमध्ये बोलावलं.

"देशपांडेजी, माल टाइम पे निकलेगा?"

"ऊपरवाली जगह रोज हमें मिले तो निकलेगा," मी म्हणालो. ही अक्कल माझीच, शेटजींची नव्हे. वरच्या अंगाला धार जोरात, कापड लवकर निघतं. शेटजींनी दोन-चार जणांना निरोप धाडले. त्यांच्याशी वाकडं घेणार कोण? दुसऱ्या दिवसापासून वरची जागा आमची.

गुलाबजी हात जोडून आले ते त्यानंतर. त्यांना पहिल्यांदाच थेट परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर मिळाली होती. पांढऱ्यावर बारीक बुट्टीचे दुपट्टे. "दो मिनट बैठ जाओ साब, रास्ता निकल आएगा," असंही म्हणाले. मी बसलो नाही.

त्या दिवशी आमचा काळा रंग त्यांच्या दुपट्ट्यांवरून गेला. सगळा लॉट राखाडी झाला. संध्याकाळी बघितलं, तर म्हातारा वाळूत पसरलेल्या दुपट्ट्यांमधून एकटाच फिरत होता, एखादा तरी पांढरा निघतो का बघत. मी स्कूटरला किक मारली आणि जयपुरात राजा पार्कला घरी आलो. बायकोला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली.

"अहो, बसला असतात अर्धा तास, तर झिजला असतात का?"

मी ताट पुढे ओढलं.

पुढचं मला दिसायला हवं होतं. गुलाबजी बैठकीला येईनासे झाले. बैठक मोडली. मग ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो उतरू लागला, आणि काहीजण आमच्याही वर जाऊन लाल माल धुवायला लागले. दोन महिन्यांत आमच्या क्रीम रंगाच्या लॉटवर गुलाबी झाक आली. दुपारी गुरं काळ्या पाण्याला तोंड लावेनात, म्हणून खालच्या गावचे लोक काठ्या घेऊन आले. शेटजी मला म्हणाले, "कुछ करो." मी सलग चार सकाळी घाटावर चहाची किटली घेऊन बसलो. लोक चहा प्यायचे, "मेहरबानी साब" म्हणायचे आणि आपापला माल घेऊन वर जायचे.

दिवाळीनंतर गुलाबजी आमच्या गेटवर आले. ती ऑर्डर हातची गेल्यापासून त्यांचं युनिट बंद पडलं होतं. त्यांना छपाईचं काम हवं होतं. मला मान वर करवेना. म्हटलं, "आप सुपरवायझर बन जाइए. और वो बैठक फिर से शुरू कीजिए, मैं खुद बैठूँगा."

ते शांतपणे म्हणाले, "छपाई कर दूँगा साब. बैठक नहीं होगी. लोग मेरे कहने से थोड़े ही रुकते थे. मैं भी अपना माल रोकता था, इसलिए रुकते थे. अब मेरे पास रोकने को है क्या?"

दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या तिसऱ्या टेबलावर छपाईला उभे राहिले. मी तिथे असेपर्यंत रोज मला नमस्कार करत राहिले. तो नमस्कार घेताना मला रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे नोकरी बदलताना मी बायोडेटात लिहिलं, 'धुलाई विभागाचा वेग वाढवला.' इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, कसा वाढवला? मी म्हणालो, "कोणाला विचारलं नाही." ते खूश झाले. नोकरी मिळाली.