माळ्यावरचा पाळणा

सिडकोतली आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितलं, तेव्हा मी देवाशी बोलणं सोडून बरीच वर्षं झाली होती. सकाळी दिवा लावायचे, फूल वाहायचे, हात जोडायचे. पण मागायचं काही उरलं नव्हतं आणि सांगायचंही काही नव्हतं. हे गेले त्याला आता दुसरा उन्हाळा लागला होता. मूलबाळ नाही. नाशिक रोडला एक खोली भाड्याने मिळाली होती. तिथे पलंग, कपाट, गॅस आणि देवघर एवढंच मावणार होतं. बाकीचा संसार मला एकटीलाच निवडून मोकळा करायचा होता.

वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही. यांचे शर्ट धुऊन, इस्त्री करून एका वृद्धाश्रमात दिले. पितळेची मोठी पातेली ज्यांना हवी त्यांनी नेली. लग्नाचा शालूसुद्धा देऊन टाकला. समोरच्या घरातली सून म्हणाली, "काकू, तुम्ही किती खंबीर आहात." मी हसले. माळ्याला मी अजून हातच लावला नव्हता, हे तिला कुठून माहीत असणार?

माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला एक पाळणा होता. हे अंबडला एका कारखान्यात टर्नर होते. मला दिवस गेले तेव्हा सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या सुताराकडे बसून त्यांनी तो स्वतः केला. सागवानी दांडे, त्यांवर लाल-हिरवा रंग, आणि लेथवर घडवलेल्या पितळी कड्या. मुलगी झाली. काही तासच होती ती. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा पाळणा खोलीत नव्हता. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दर दिवाळीला मात्र हे मला स्वयंपाकघरात काहीतरी काम सांगून शिडी लावायचे, आणि खाली उतरायचे तेव्हा त्यांच्या हातातलं फडकं धुळीने आणि तेलाने काळं झालेलं असायचं.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी सकाळी वॉचमनने तो खाली काढून दिला. दिवाणखान्याच्या मोकळ्या फरशीवर मी चादर सोडली. रंग अजून ताजा वाटत होता. भंगारात घालायला हात होईना, कुणाच्या घरी द्यायलाही जीभ रेटेना. ज्या पाळण्यात मूल कधी निजलंच नाही, तो कोण आपल्या बाळासाठी नेणार? मी त्याच्याशेजारी जमिनीवरच बसले. देवघर सामानात बांधून झालं होतं, समोर मूर्तीही नव्हती. तरी तोंडातून शब्द गेले, "मला काही सुचत नाही. आता तूच बघ."

थोड्या वेळाने दारात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने लाल झालेल्या. वरच्या मजल्यावर कुणाला भेटायला आल्या होत्या, पण ते लोक आधीच घर सोडून गेले होते. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या आणला तोवर त्या पाळण्यासमोर उभ्या होत्या.

"काकू, हा कुणाला द्यायचाय का?"

पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या वसाहतीत रामाचं छोटं देऊळ होतं. रामनवमी तोंडावर आली होती आणि देवळातला जुना पाळणा वाळवीने गेला होता. वरच्यांच्या घरी एखादा मिळेल, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या.

मी एकदम म्हणाले, "हा चालायचा नाही तुम्हाला." आणि मग जे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईंना उभ्या उभ्या सांगितलं.

त्या खाली बसल्या. त्यांनी कड्यांवरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आम्हाला चालेल. पण एक आहे. दोरी तुम्ही ओढायची. येणार ना?"

आयुष्यभरात मला कुणी बारशाला पाळण्याजवळ उभं केलं नव्हतं. बोलावणं यायचं, नाही असं नाही. पण पाळण्यापाशी जायची वेळ झाली की माझ्या हातात कुणीतरी पेढ्यांचं ताट द्यायचं. मीही मग आपणहून ताट उचलायला शिकले होते. त्या बाईंना मी हो म्हणाले की नाही, ते आठवत नाही. रिक्षात पाळणा नीट बसला, एवढं आठवतं.

रामनवमीला नाशिक रोडहून बस बदलत मी तिथे गेले. देऊळ बायकांनी भरलेलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, आत रामाची वीतभर मूर्ती. मी मागे खांबापाशी उभी राहिले. बाराच्या सुमारास त्या बाई गर्दीतून आल्या, माझा हात धरून मला पुढे घेऊन गेल्या आणि दोरी हातात दिली. कुणी काही विचारलं नाही. सगळ्या पाळणा म्हणू लागल्या. मी दोरी ओढली, आणि कड्या किंचितही कुरकुरल्या नाहीत.

दर्शनासाठी वाकले तेव्हा, मुलीसाठी आम्ही दोघांनी ठरवलेलं नाव मी रामाच्या कानात सांगितलं. ते इथे लिहीत नाही. इतकी वर्षं ते मी तोंडाने उच्चारलंच नव्हतं. मग रडू आलं, आणि शेजारच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसानंतर एकटेपण संपलं, असं मी म्हणणार नाही. या खोलीत संध्याकाळ फार लांबते, आणि कधी कधी दिवसभर कुणाशी एक शब्दही बोलणं होत नाही. त्या बाई त्याच दिवशी कशा आल्या, याचा उलगडा करायचा मी प्रयत्न केलेला नाही. मी एवढी वर्षं समजत होते की सोडायला खूप बळ लागतं. माझ्यात ते नव्हतंच, अजूनही नाही. मी फक्त हात टेकले होते. त्या हातांतून देवाने अलगद काढून घेतलं, आणि घेताना मला लाजवलं नाही. त्याच्या या हळुवारपणाला माझा नमस्कार.