डोक्यावर टोपली, नाकावर चष्मा

डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईला मी सांगितलं, "मान खाली घालून चालत जा." चष्मेवाला म्हणून माझ्या नावावर बऱ्याच चुका जमा आहेत. त्यांत ही सगळ्यात वरची.

हिंगणघाटात तिला सगळे कासारीण मावशी म्हणत. मान इतकी ताठ, की समोरून येणाऱ्याला वाटावं, बाई ओळख दाखवत नाही. टोपली उतरवली तरी मान तशीच. रस्त्यातला दगड ती नुसती नजर खाली टाकून चुकवायची. हे मी दुकानात बसून रोज पाहत होतो. पाहिलेलं लक्षातही यावं, अशी काच माझ्याकडे नव्हती.

बांगड्या भरताना ती बोलत राहायची. पोरीचा पंजा दाबत विचारायची, "सासू कशी हाय व तुही?" पोरगी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. 'बांगडी फुटली' असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. 'वाढवली' म्हणायची. दुसऱ्या कुणी फुटली म्हटलं, तर कानाला हात लावायची.

तिची एकुलती एक लेक वडनेरला दिलेली. मोटारीने तिथे जाऊन ती गावभर फिरायची आणि शेवटी लेकीच्या दारात टोपली उतरवायची. "लेकीच्या घरी उगाच कसं जाव, बाप्पा? टोपली असली म्हंजे कोनी इचारत नाई, काऊन आली म्हनून." एरवी चटचट भरणाऱ्या मावशीला लेकीचे दोन हात भरायला सगळी दुपार लागायची.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. नागपूरहून दुभिंगी काचा मागवायला मी नुकती सुरुवात केली होती. वरून लांबचं दिसतं, खालच्या चकतीतून जवळचं. मावशीकडे दोन चष्मे होते. एक नाकावर, दुसरा टोपलीत बांगड्यांखाली, आणि हवा तो नेमका टोपलीत. मी म्हटलं, "मावशी, एकातच दोन्ही करून देतो." ती मला डाक्टर म्हणायची. मी डॉक्टर नव्हतो, पण तिचं म्हणणं खोडून काढायला मन होत नव्हतं.

खालच्या चकतीतून जमीन पाहिली की ती पुसट आणि वर उचलल्यासारखी दिसते. म्हणून हनुवटी छातीला टेकवायची आणि वरच्या काचेतून पायाखाली पाहायचं. हा धडा मी तिला दुकानाच्या पायरीवर चढवून-उतरवून दिला. झकास जमलं. टोपली तेव्हा माझ्या बाकावर होती.

पुढच्याच आठवड्यात वडनेरला लेकीच्या नणंदेचं लग्न होतं. चुडा भरायला मावशीलाच बोलावणं. मांडवाच्या तोंडाशी दगडी पायरी होती. सवयीप्रमाणे नजर खाली गेली ती चकतीत. पायरी होती तिथे दिसली नाही, दिसली तिथे नव्हती. हिरव्या बांगड्यांची अख्खी टोपली नवरीच्या समोर मांडवात आली. 'वाढवली' म्हणून भागण्यासारखं ते नव्हतं.

तिने चष्मा माझ्यासमोर आणून ठेवला. "मान खाली घाल म्हनलं ना तू? मंग टोपली काय दातात धरू?"

मी तिला चालताना लावायला पुन्हा निव्वळ लांबचा चष्मा करून दिला. ती म्हणाली, "चालू कुठी? वडनेरचं दार तं बंद झालं." मग मी स्वतःच वडनेरला गेलो. लेकीच्या सासूला काच दाखवली, वरचा भाग, खालचा भाग, सगळं समजावलं. विहीणबाईंनी चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतलं. "काच समजली, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन बांगड्या कोनाच्या दारात फुटल्या?" माघारी येताना मोटारीत मला बसायला खिडकीजवळची जागा मिळाली. त्या दिवसातलं यश म्हणाल तर तेवढंच.

वडनेरहून बोलावणं आलं नाही. टोपलीचं निमित्त आता चालणार नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय जाईल ती मावशी नव्हे. तिने माझ्याच दुकानाच्या ओट्यावर पोतं अंथरलं आणि बसून धंदा करू लागली. बसल्यावर मात्र तोच दुभिंगी चष्मा तिच्या नाकावर असा बसला, की काय सांगू! खालून मनगट, वरून रस्ता. समोर वडनेरची मोटार थांबली की हातातली बांगडी तशीच ठेवून ती वरच्या काचेतून उतरणाऱ्या एकेकीचं तोंड पाहायची. मोटार रिकामी झाली की पुन्हा चकतीत यायची.

माझं लक्ष अर्थातच काचेकडे. एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, जमला ना शेवटी चष्मा?"

तिने हातातला पोरीचा पंजा सोडला नाही.

"सारं दिसते रे, डाक्टर. एक वडनेर तेवढं दिसत नाई. अन् तू इचारून राह्यला, जमला का म्हनून! तूच लाव एखादा."