एटेल्का नेनी आणि मिठाच्या पाण्याचा मेंदू

हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत प्रोफेसर वादनाई नावाचं एक प्रस्थ होतं. जाग्या, हिंडत्याफिरत्या प्राण्याच्या मेंदूतून एक एन्झाइम कधी आणि किती पाझरतं, हे मोजणारे आपणच पहिले, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. गिनीपिगला मात्र त्याने कधी बोट लावलं नाही. चावतात म्हणे!

बोट लावायची एटेल्का बोदनार. पन्नाशीची, जाड भिंगांची, तोंडाने फटकळ. पिंजरे धुण्यापासून मेंदूत केसासारखी नळी बसवण्यापर्यंत सगळं तीच करायची. आम्ही तिला नेनी म्हणायचो, म्हणजे आमच्याकडे मावशी. मी तिथला यंत्रदुरुस्तीवाला.

नळीतून मेंदूतलं पाणी थेंबथेंब यायचं, त्यात औषध मिसळायचं. एन्झाइम असलं की मिश्रण उजळायचं आणि त्या उजेडाची रेघ कागदावर उमटायची. प्राणी गरकन फिरला की रेघ टुणकन वर! प्रोफेसर खूश: हालचालीच्या इच्छेनेच एन्झाइम पाझरतं, असं त्याचं म्हणणं.

“साहेब, तो फिरला की नळीला पीळ बसतो,” नेनी म्हणाली. “पाणी तुंबतं, तेवढ्यात औषध दाट साचतं, मग सगळं भसकन सुटतं. औषधाला स्वतःचाही थोडा उजेड आहे. ही उडी नळीची, मेंदूची नाही.”

“नेनी, तुम्ही पिंजरे धुवा. विज्ञान आम्ही बघतो.”

तीनदा सांगितलं, तीनदा हेच उत्तर. मग बुडापेस्टहून पाहुणे यायचे ठरले. त्या सकाळी नेनीने गिनीपिगला पिंजऱ्यात गाजर देऊन बसवलं आणि नळीचं टोक प्रयोगाच्या खोक्यात ठेवलेल्या मिठाच्या पाण्याच्या कपात सोडलं. प्राणी बुजू नये म्हणून खोक्याला चहूबाजूंनी पुठ्ठे लावलेले असायचे, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नव्हतं. मागे उभं राहून नळी पिळायचं काम माझं.

मी पिळली, रेघ उडाली.

“पाहा!” प्रोफेसर गरजला. “प्राण्याच्या मनात हालचालीची इच्छा जागी झाली!”

मी पुन्हा पिळली. इच्छा पुन्हा जागी झाली.

पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, “जरा बघू तरी त्याला.”

प्रोफेसरने ऐटीत झाकण उचललं. आत कप.

“मिठाचं पाणी आहे, साहेब,” नेनी म्हणाली. “सकाळपासून इच्छा करकरून दमलंय बिचारं.”

प्रोफेसर लालबुंद झाला, “घातपात!” म्हणून ओरडला. पण त्या बाईंनी खुर्ची ओढली आणि नेनीलाच पिळाबद्दल विचारत बसल्या.

पुढे नेनीने सांगितल्याप्रमाणे मी एक फिरता सांधा बनवला. आता नळीला पीळ पडेना. मग खरी रेघ दिसली: बुटकी, मंद, आणि कधीकधी प्राणी ढिम्म बसलेला असतानाही चढणारी. म्हणजे प्रोफेसरचं म्हणणं साफ आडवं. त्याने काय करावं? ‘मला आधीपासूनच शंका होती’ असं लिहून निबंध छापला. शेवटी आभारात नेनीचं नाव, तेही चुकीचं: ‘बोग्नार’.

मी संतापलो. नेनी चष्मा पुसत म्हणाली, “चुकलंय तेच बरं रे. त्या माणसाच्या पंक्तीला माझं खरं नाव कशाला बसवू?”