दाराबाहेरचे तीन ठोके

मी थापाड्या आहे. शहापुरापासून मुरबाडपर्यंत कुणालाही विचारा. मी सांगितलेल्या बिबट्याची लांबी ऐकून वनखात्याचा माणूस टेप घेऊन दोनदा येऊन गेला. फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. तिथे हवा भरलेली स्कूटर वैशाखऱ्याहून उडाली ती थेट माळशेजच्या पलीकडे टेकली, हे ऐकून एक बाई आपली गाडी ढकलत दुसऱ्या दुकानात घेऊन गेली होती. असा मी. आयुष्यात एकदाच एका माणसाला पोटातलं खरं सांगितलं, आणि त्यानं ते घेतलं नाही.

तो माझा मित्र. फाट्यावरून सवारी जीप चालवायचा. घर गावाच्या कडेच्या वाडीत, शेताचा तुकडा नाही, आईबापांचं आयुष्य वीटभट्ट्यांवर गेलं. धाकटा भाऊही भट्टीवरच. वाडीतला स्टेअरिंगला हात लावणारा हा पहिला. जीप भरेपर्यंत तो माझ्या बाकड्यावर बसायचा. तिसरा आमचा कल्याणला नोकरीला जाणारा एक जण, सुटीच्या दिवशी हजर. आम्हा तिघांना एकच वेड होतं. रविवारी दुपारी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. धुळीचा ग्रह, त्यावर उरलेलं एकच शहर, त्याला एकच लोखंडी दरवाजा. आणि खलनायक म्हणजे त्या दरवाजाचा राखणदार, तोंडावर कायम मुखवटा. हिरो कोण होता ते आज मला आठवतही नाही.

राखणदार मुळात असा का झाला, ते एकाच भागात दाखवणार होते. नेमकी त्या रविवारी आमच्याकडची लाईट गेली. अशी गेली की मागच्या आठवड्याचा उजेडसुद्धा घेऊन गेली. मी मात्र भातसानगरला मावशीच्या क्वार्टरमध्ये होतो. तिथे लाईट होती, टीव्ही होता आणि टीव्हीवर मावसबहिणीच्या साखरपुड्याची सीडी होती. चार तास. मला त्या भागातला धुळीचा कणही दिसला नाही.

सोमवारी दुकान उघडायला गेलो तर दोघे बाकड्यावर. कल्याणवाल्यानं खास रजा टाकलेली. "सांग," मित्र म्हणाला, "सगळं सांग. जायराती पण सांग." त्या तोंडांपुढे 'नाय बघितला' म्हणायला माझी जीभ वळेना.

मी सांगितलं. धुळीचं वादळ येतं. दरवाजा बंद करायचा हुकूम होतो. राखणदाराचा सख्खा भाऊ बाहेर राहिलाय. दारावर तीन ठोके पडतात. लहानपणी दोघे भाऊ असेच दार वाजवायचे. राखणदार ठोके ओळखतो, क्षणभर थांबतो आणि तरी कडी ओढून दार बंदच करतो.

हे तीन ठोके मी कुठून आणले? मित्राच्या खिशातून. त्याच्या भावाच्या फोनात बॅलन्स कधीच नसायचा, म्हणून दोघांचं ठरलेलं होतं. एक मिस कॉल म्हणजे पोचलो. लागोपाठ दोन म्हणजे जेवलो. तीन म्हणजे काम आहे, ये. दिवसभर ते माझ्या कानावर पडायचं, तेच मी लोखंडी दारावर वाजवलं.

"आयला, आमच्यासारखंच रे!" मित्र केवढा खूश झाला होता.

पुढे कुठल्याशा भागात तो राखणदार म्हणाला, 'मी काही ऐकलं नव्हतं.' तो खोटं बोलतोय, त्यानं ठोके ओळखले होते, असं मी म्हणायचो; ऐकूच आले नाहीत, असं ते दोघे. मग काय, दोन वर्षं आमचं भांडण पेटलं. त्या बाकड्याच्या फळीला आमच्या ओरडण्यानं चीर पडली. (वाळवीनंही थोडा हातभार लावला असेल.)

त्या दिवशीही तेच चाललं होतं. उन्हाची वेळ, जीपमध्ये दोनच बाया.

"एवढं वादळ, एवढं जाड दार," मित्र म्हणत होता. "ऐकू कसं जाईल?"

"मी डोळ्यानं बघितलाय ना! थांबला तो. ओळखल्याशिवाय थांबंल?"

"तू काय काय बघतोस ते म्हायती हाय. उद्या बोलशील, मीच होतो दाराबाहेर."

"लॉजिक लाव ना यार," कल्याणवाला म्हणाला. "भाऊ असता तर खोलला असता."

मित्राचा फोन एकदा वाजून थांबला. "पोचला," तो म्हणाला. पुन्हा वाजला. "जेवला. पण मी काय बोलतो, हुकूम व्हता त्याला..."

तिसऱ्यांदा वाजला. त्यानं फोन मांडीखाली सारला. "थांब रे, आधी या थापाड्याला गप करतो." आम्ही हसलो. तिसरी रिंग आम्ही तिघांनीही ऐकली होती.

किती वेळ गेला? सवयीनं मी दोन तास सांगेन. वीस मिनिटं असतील. वाद तो जिंकला, बायांना उतरवून भट्टीकडे गेला. भावानं भट्टीवरच्या भाताच्या तुसाच्या ढिगात हात घातला होता, आत घोणस होती. शहापूरच्या दवाखान्याच्या वाटेवर, त्याच्याच जीपमध्ये, भाऊ गेला. वीस मिनिटं आधी नेला असता तर वाचला असता का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मित्रानंही विचारलं नाही.

मग कित्येक महिने तो बाकड्यावर बसला नाही. जीप मालकाला परत केली. एका दुपारी चालतच आला आणि उभ्यानं म्हणाला, "तूच बरोबर होतास. राखणदारानं ठोके ओळखलेले."

मी हातातला टायर खाली टाकला. सगळं ओकलो. साखरपुडा, सीडी, त्याच्याच मिस कॉलवरून उचललेले ठोके. मावशीची शपथ घेतली, आईची घेतली.

तो ऐकून घेत होता. शेवटी जरासा हसला. "थापा मारू नको रे. माझ्यासाठी तरी नको."

आयुष्यभर बिबटे विकले मी. एक खरं विकायला काढलं, तर ते गिऱ्हाइकानं हात न लावता परत केलं.

गेल्या वर्षी कल्याणवाल्याला तो भाग नेटवर सापडला. तो फोनात घेऊन मी वाडीवर गेलो. मित्र ओट्यावर बसला होता. मी भाग लावला. वादळ होतं, दरवाजा होता, राखणदार पाठमोरा होता. वारा आणि वर मोठ्ठं संगीत. एक हात कडी ओढतो. बस. भाऊ दिसत नाही, ठोका नाही, त्यानं काही ओळखलं की नाही ते कुणालाच कळू नये असं ते केलेलं होतं.

"बघ," मी म्हटलं, "हाय कुठं ठोका? माझ्या मनातलं होतं ते."

त्यानं फोन माझ्या हातातून घेतला. आवाज पुरा वाढवला. मग पडद्याकडे न बघता तो कानाला लावला आणि डोळे मिटले. संगीत संपेपर्यंत हलला नाही.

"वाऱ्याच्या खाली हायेत," तो म्हणाला. "बारीक. परत लाव."

मी परत लावला.