कुठले माने?

माने बाई पेशंटशी समोर येऊन कधी बोलत नसत. आपण स्टुलावर बसलेले असायचो आणि त्यांचा आवाज मागून यायचा. कधी उजव्या खांद्यामागून, कधी कपाटाजवळून, कधी पार दारातून. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय उर्मट बाई आहे. पुण्यात उर्मटपणाला तोटा नाही, पण निदान तो तोंडावर करायची पद्धत आहे. मी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत उत्तरं देत राहिले. तेव्हा मागून प्रश्न आला, "बोलणाऱ्या माणसाकडे बघून बोलावं, असं वळण नाही का लावलं घरी?"

"अहो, मान वळत नाही," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "म्हणून तर आले."

"मान नसेल वळत. वळण तर आहे ना? मग जेवढं जमेल तेवढं वळा. उरलेलं मी पुढे येते."

मी केसभर वळले आणि त्या खरंच पाऊलभर पुढे आल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात एक ठेंगणी, पंचेचाळिशीची बाई दिसली, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली. मागून बोलणं हाच त्यांचा उपचार होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. नुसतं "मान वळवा" म्हटलं की माणूस घाबरून खांदे आवळतो. कोणी मागून बोललं तर मात्र सभ्य माणसाला राहवत नाही. थोडा उर्मटपणाही होताच, तो मी नाकारत नाही.

माझ्या मानेचं काय झालं हे सांगायची मोठी पंचाईत होती, कारण काही झालंच नव्हतं. तेव्हा संगणकाच्या कंपन्या नगर रस्त्याला नुकत्या येऊ लागल्या होत्या. माझ्यासारख्या मुलीला न्यायला दारात गाडी येते, याचं पेठेत कोण कौतुक होतं. एका सकाळी आमची ती गाडी सिग्नलला उभी असताना मार्केट यार्डातून कोबी भरून आलेला टेम्पो मागून धडकला. कोणाला साधं खरचटलंही नाही. रस्त्यावर घरंगळलेले कोबीचे गड्डे गोळा करायला आम्ही टेम्पोवाल्याला मदत केली, मग ऑफिसात गेलो आणि दिवसभर काम केलं. दुसऱ्या दिवशी उशीवरून माझं डोकं उचलेना. कलिंगड उचलावं तसं ते दोन्ही हातांनी धरून मी उठून बसले.

एक्स-रे नॉर्मल आला. हाडांच्या डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि मान हलवू नका म्हणाले. मी इमानदारीत महिनाभर हलवली नाही, तर ती हलायचंच विसरली. दुखणं मात्र मोकाट फिरत होतं. आज खांद्यात, उद्या डोक्यात, परवा बोटांना मुंग्या. ऑफिसात सगळे विचारायचे, "एक्स-रे नॉर्मल आहे ना? मग?" आमच्या टीमचा मुख्य सज्जन माणूस. तो म्हणाला, "अमेरिकेला जाणाऱ्यांत तुझं नाव आहे. पण दिवाळीपर्यंत तू दिवसभर मशीनसमोर बसू शकली नाहीस, तर मला दुसऱ्याचं टाकावं लागेल." मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण तो काळा फोटो म्हणत होता काही झालेलं नाही, आणि मान म्हणत होती झालंय. दोघांपैकी एक खोटं बोलत असणार, आणि फोटो तर खोटं बोलत नाही म्हणतात. आपल्याला खरंच दुखतंय, की दुखायची सवय झालीय, की जायच्या भीतीनं दुखतंय, हे माझं मलाच समजेनासं झालं.

शेवटी आमचे घरचे डॉक्टर म्हणाले, "आता मानेंना दाखवा."

"मानेला काय दाखवू?"

"मानेला नाही हो, मानेंना. कसब्यात आहेत, तांबटांच्या दुकानांजवळ."

तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर पाटी होती, "माने फिजिओथेरपी". हा गोंधळ एकट्या माझाच नव्हता. अख्खी पेठ ती पाटी 'मानेची फिजिओथेरपी' अशीच वाचायची. त्यामुळे बाईंकडे मानवाल्यांची रांग आणि गुडघेवाला चुकूनही फिरकायचा नाही. बाई म्हणत, "लग्नाआधी मी सोनवणे होते. तेव्हा महिना महिना कोणी यायचं नाही. माने झाले आणि धंदा चालला. गुडघे नावाच्या माणसाशी लग्न केलं असतं, तर म्हातारपणापर्यंत काळजी नव्हती."

त्यांनी माझा पट्टा काढला, घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवून दिला. मी म्हणाले, "पण मोठे डॉक्टर म्हणाले होते, हलवू नका."

"ते बरोबर बोलले. ते महिन्यापूर्वीच्या मानेला म्हणाले. मी आजच्या मानेला सांगतेय, हलवा."

"दुखलं तर?"

"दुखलं तर चालेल. दुखावलं तर चालणार नाही."

"त्यातला फरक कसा कळायचा?"

"कळतो."

झालं, एवढंच. हे वाक्य त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. मी ते पाठ केलं, पण कळलं मात्र काही नाही. घरी मान वळवताना कळ आली की मी तशीच थांबायची आणि स्वतःला विचारायची, हे दुखलं का दुखावलं? तोवर कळ निघून गेलेली असायची. व्यायाम कसला, व्याकरणाची परीक्षाच होती ती. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "विचार मानेच्या वर करायचा असतो. मानेत नाही."

बाहेर तांबटांची ठोकाठोक सतत चालू असायची. बाईंनी तिलाही कामाला लावलं होतं. एका ठोक्याला खांदे वर, दुसऱ्याला खाली. तांबट चहाला थांबला की आम्ही सगळे पेशंट खांदे कानाशी नेऊन ताटकळत बसायचो.

मान वळवून रस्ता ओलांडता येत नव्हता, म्हणून आई सोबत यायची. पहिल्याच दिवशी बाईंचे अंगठे माझ्या मानेच्या मुळाशी असताना आईनं बाकावरून विचारलं, "माने म्हणजे कुठले माने तुम्ही?"

अंगठे जागच्या जागी थांबले. फार नाही, क्षणभरच.

"मानेत सात मणके असतात काकू," मागून आवाज आला. "त्यातले चौथे-पाचवे आमचे."

वाटेत आई पुटपुटत होती, "हे काय उत्तर झालं? साधा प्रश्न विचारला." आता आईचा हा प्रश्न साधा होता की नव्हता, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. ती जोश्यांनाही विचारते, कुठले जोशी. दूधवाल्यालाही विचारते, कुठले पवार. तिच्या पिढीला आडनाव ऐकलं की त्याचा पत्ता लागल्याशिवाय चैन पडत नाही. पण त्या पत्त्यावरून पुढे काय काय ठरतं, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. बाईंचे थांबलेले अंगठे मला मानेत कळले होते.

मध्येच एकदा माझी पीछेहाट झाली. एक दिवस बाईंकडे व्यायाम जास्त झाला आणि दुसऱ्या दिवशी खोली गरगर फिरायला लागली. दुपारी बाई स्वतः घरी आल्या. माझ्या उशाशी बसून मान हातांत घेतली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. काल दुखावली मी." बस्स, एवढंच. एवढं सरळ चूक मान्य करणारं कोणी मी त्याआधी आमच्या पेठेत तरी बघितलं नव्हतं.

त्या निघाल्या तेव्हा आई करंडा घेऊन आली. घरी आलेली सवाष्ण कुंकवाशिवाय जायची नाही, हा तिचा जुना शिरस्ता.

"मी लावत नाही काकू," बाई हळूच म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. "अगं बाई. कधी झालं हो? आम्हाला काहीच कल्पना नाही."

या वेळी गोंधळायची पाळी बाईंची होती. "काय कधी झालं?"

"तुमचे मिस्टर…"

"ते वाघोलीला जागा बघायला गेलेत. संध्याकाळी येतील."

आई करंड्याकडे बघायला लागली, बाई आईकडे, आणि मी छताकडे, कारण मला दुसरीकडे कुठे बघताच येत नव्हतं. मग बाईच म्हणाल्या, "साखर असेल तर घेईन." आईनं चिमूटभराऐवजी वाटीभर साखर आणली आणि बाईंनी ती सगळी कोटाच्या खिशात ओतून घेतली. कुंकू का नको, ते मला काही समजलं नाही. आईला समजलं का, ते विचारायचा धीर झाला नाही.

ते समजलं नवरात्र संपता संपता. रोजच्यासारखी मी स्टुलावर होते, आणि बाई माझ्या डाव्या खांद्यामागून वाघोलीच्या जागेचं काहीतरी सांगत होत्या. तिथे आता इतकी घरं होताहेत की मानेला मरण नाही, असं काहीतरी. मी ऐकता ऐकता वळले. वळतच गेले. येता-जाता मी ताठ मानेनं फक्त दाराकडे बघत असायची, त्यामुळे एवढे दिवस माझ्या पाठीशी असलेली भिंत मला आता पहिल्यांदा दिसली. तिच्यावर बुद्धाची तसबीर होती आणि खाली एक जुना फोटो. पांढऱ्या कपड्यांतली बरीच माणसं ओळीनं उभी, एकीच्या कडेवर काजळ घातलेलं तान्हं मूल.

"नागपूरचा आहे," बाई म्हणाल्या. "दीक्षेच्या दिवशीचा. ते कडेवरचं म्हणजे आमचे हे." आणि मग त्याच सुरात, "वळली की मान पूर्ण. दुखलं?"

दुखलं होतं. पण आता त्याची भीती वाटली नाही, हेही खरं.

आई रोज त्याच भिंतीसमोरच्या बाकावर बसत होती. मी घरी विचारलं, "तुला तो फोटो दिसला नव्हता?" आई पोळ्या लाटत म्हणाली, "बाहेर कुठे चष्मा घालते मी? आणि दिसला असता तर कशाला विचारलं असतं?" मला वाटलं, बरोबर आहे. मग वाटलं, की दिसला म्हणूनच विचारलं? आईचा चेहरा पोळीकडे होता आणि त्यावरून काही कळत नव्हतं.

दिवाळीआधी मी पूर्ण दिवस ऑफिसात बसून दाखवलं. यादीतलं माझं नाव राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी बाईंचा निरोप घ्यायला मी एकटीच गेले. त्यांनी सवयीनं मला स्टुलावर बसवलं आणि मागे उभ्या राहून मानेवर हात ठेवला. समोर त्या असत्या तर मला विचारवलं नसतं. तशा त्या मागे होत्या म्हणून मी भिंतीकडे बघत विचारलं, "बाई, पहिल्या दिवशी आईनं विचारलं होतं ना, कुठले माने. ते दुखलं होतं, की दुखावलं होतं?"

मग बाई चालत चालत फेरी घालून माझ्या समोर आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्यांचा चेहरा मी असा समोरून, सरळ कधी बघितलाच नव्हता. वाटला होता त्याहून पुष्कळ थकलेला होता.

"दुसऱ्याच्या मानेतलं मला हात लावला की कळतं," त्या म्हणाल्या. "माझ्यातलं मला अजून कळलेलं नाही. हा प्रश्न मला शाळेपासून विचारतात. काकू काही पहिल्या नाहीत. कळलं की तुम्हाला कळवीन." मग माझी हनुवटी बोटानं किंचित वर केली. "विमानात झोपताना मान लोंबकळू देऊ नका."

त्यांनी काही कळवलं नाही. अमेरिकेहून मी दोनदा येऊन गेले तेव्हा कसब्यातली पाटी उतरली होती, त्या वाघोलीला गेल्या होत्या. आईही पेठ सोडून नव्या सोसायटीत राहायला गेली होती. पण पाठ धरली की ती रिक्षा करून एवढ्या लांब, वाघोलीला जायची. जाताना डब्यात काही ना काही असायचं. चष्मा घालून जायची की नाही, मी विचारलं नाही.

एका सकाळी ऑफिसला निघता निघता तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"माने गेल्या गं."

आईच्या सोसायटीत मानेंची दोन घरं होती. मी बुटाची नाडी बांधत होते. तोंडातून सहज निघून गेलं, "कुठल्या माने?"

पलीकडे आई गप्प झाली. सातासमुद्रापलीकडून आलेली ती शांतता मला मानेच्या मुळाशी कळली, बाईंचे अंगठे थांबले होते नेमकी तिथे.

"आपल्या," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी मागे वळून बघितलं. मान सहज वळली. मागे कोणी नव्हतं.