चालून दाखवा

सरकारी नोकराला कामावर असताना इजा झाली तर त्याला परत कामावर घ्यावंच लागतं, हे मला पाय मोडल्यावर कळलं. त्याआधी इतकी वर्षं आरोग्यसेविका म्हणून देवरूखच्या वरच्या अंगाला वाड्यावाड्यांतून लसी देत फिरले, पण असल्या गोष्टी माहीत करून घ्यायला सवड होती कुणाला?

श्रावणात वरच्या वाडीत लसीकरण होतं. तिथे जायला पाखाडी, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट, आणि पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर हे एवढं शेवाळ. खांद्याला लसींचा डबा, हातात छत्री. पाय सटकला आणि घोटा फिरला तो फिरलाच. डबा मात्र मी आपटू दिला नाही. त्याचं साहेबांनी पुढच्या बैठकीत कौतुकही केलं. घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. रजा मिळाली, पगारही चालू राहिला, उगाच खोटं का बोला.

पण पाय काही पूर्वीसारखा होईना. सपाटीवर चालायचे, तेही काठी टेकत. पायरी दिसली की आधी धरायला काही आहे का ते बघायचे. तेव्हा आमच्या संघटनेचं काम बघणारे एक गृहस्थ घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे. आता फिरतीचं काम जमणार नसेल तर त्याच पगारावर बसून करायचं काम द्यावं लागतं त्यांना. लसींच्या साठ्याच्या खोलीत जागा रिकामीच आहे. वैद्यकीय मंडळासमोर जाल तेव्हा पाय जसा आहे तसा दाखवा, बस्स."

एवढंच करायचं होतं.

रत्नागिरीला मंडळासमोर आम्ही दोघं नवरा-बायको गेलो. आत जाताना काठी मीच यांच्या हातात दिली. मोठ्या माणसांसमोर काठी टेकत कसं जायचं, असं वाटलं. हे काठी धरून बाहेर बाकावर बसले. आत टेबलापलीकडे तीन डॉक्टर. एक्स-रे उजेडाला धरून पाहिला, हाड छान जुळलंय म्हणाले. मग मधले डॉक्टर म्हणाले, "जरा चालून दाखवा बघू."

आणि मी चालले. पदर सारखा केला, मान खाली घातली आणि दारापासून खिडकीपर्यंत सरळ, टाच न वाजवता गेले. घोट्यातून निघालेली कळ थेट मस्तकात जात होती. वळले, तशीच परत आले.

"छान चालता की!" डॉक्टर म्हणाले.

हे असं का झालं ते सांगितलं तर हसाल. मला पाहायला आले होते तेव्हा सासूबाईंनी हेच शब्द उच्चारले होते. आमच्या वेळी पोहे देऊन झाले की मुलीला चालायला लावत, पायात काही खोड नाही ना बघायला. त्याआधी आत्याने मला आठवडाभर पडवीत येरझाऱ्या घालायला लावल्या. कपाळाला आठी दिसली की पहिल्यापासून सुरू. चालून दाखव म्हटल्यावर कसं चालायचं ते मी तेव्हा शिकले. दुसरी कुठली रीत मला कुणी शिकवलीच नाही. त्या आत्याचा मला अजून राग येतो.

बाहेर आले तर हे उठून उभे. "काय गं, काय झाला?"

"घेतलं कामावर."

"बसायच्या कामावर?"

मी काठी मागून घेतली. माझ्याकडे बघून ते काय ते समजले. मंडळाने मला सर्व कामांसाठी सक्षम ठरवलं होतं. संघटनेचे गृहस्थ मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो ताई, हक्क मागायला गेला होतात की बक्षीस घ्यायला?"

मग पुन्हा त्याच पाखाड्या. डबा वाडीतली आशा कार्यकर्ती, आमची आशाताई, उचलायची, मी कठड्याला धरून एकेक पायरी चढायचे. वर पोचेपर्यंत बाळं रडून झोपलेली असायची. वरच्या वाडीतली एक म्हातारी मला पाहून म्हणायची, "बाय, तू कशाला वर आलीस? पाय बघ केवडा सुजलाय. आमी आणली असती पोरं खाली." खाली उतरताना कुणी बघत नसलं तर मी चक्क बसून उतरायचे. कंटाळा आला होता. माणसांचा नव्हे, त्या पायऱ्यांचा आणि माझ्या स्वतःचाही.

तरी असंच रेटत राहिले असते. पण एकदा एका बाळाच्या मांडीला सुई लावायला वाकले आणि घोट्यात अशी कळ आली की माझा हात हलला. सुई चादरीत घुसली, बाळाला काही झालं नाही. त्याच्या आईने मात्र त्याला झटकन छातीशी ओढलं. मी दुसरी सुई घेतली तर म्हणाली, आशाताईला नाही का देता येत? आशाताईला ते काम करायची परवानगी नसते, हे मी तिला समजावत बसले. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

त्याच आठवड्यात फेरतपासणी मागितली.

पुन्हा तेच टेबल, पुन्हा तेच मधले डॉक्टर. "चालून दाखवा." लंगडायला वेगळं काही करायचं नव्हतं, पाय जातोय तसा जाऊ द्यायचा होता. पण पहिली दोन पावलं पुन्हा सरळच पडली. मी खोलीच्या मधोमध थांबले. कपाळाला आठी येऊ दिली. मग खिडकीपर्यंत गेले ती वाकडी, एका बाजूला कलत, भिंतीचा आधार घेत. लाज वाटली, फार वाटली. परत आले तोवर घामाने निथळत होते.

डॉक्टरांनी जुना कागद काढून पाहिला. "मागच्या वेळी तर अगदी सरळ चालला होतात. मग खोटं कुठलं समजायचं? तेव्हाचं की आताचं?"

"तेव्हाचं," मी म्हटलं, आणि कुणी बसा म्हणायची वाट न पाहता खुर्ची ओढून बसले.