तक्रारवहीतला कोरा रकाना

पैठण रस्त्यावरच्या एका दगडखाणीत मी निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं होतो. गावकऱ्यांच्या तक्रारी वहीत लिहून घ्यायच्या आणि वर्षाअखेरीस कंपनीचा शाश्वत विकासाचा अहवाल मराठीत तयार करायचा, ही माझी कामं. वहीत दोन रकाने होते, तक्रार आणि सूचना. पहिला मी कोराच ठेवायचो. 'सुरुंगानं विहीर ढासळली' असं कुणी सांगितलं की मान डोलवत दुसऱ्या रकान्यात लिहायचो, 'परिसरातील जलस्रोतांची काळजी घ्यावी.' मग अहवालात बिनदिक्कत छापता यायचं : यंदा एकही तक्रार नाही. साहेब खूश व्हायचे. खरं सांगायचं तर मलाही त्या वाक्याचा अभिमान वाटायचा.

गेल्या महिन्यात खाणीलगत शेती असलेली एक बाई पुंडलिकनगरला माझ्या दारात उभी राहिली. ढासळलेली विहीर तिचीच. पाणी तुटून तिची मोसंबीची बाग वाळली होती. सरकारी कचेरीतल्या भरपाईच्या सुनावणीत कंपनीच्या वकिलानं माझ्या वहीतला तक्रारीचा कोरा रकाना दाखवून विचारलं होतं, इतकी वर्षं बाई गप्प का होती? पुढच्या तारखेला पुरावा दिला नाही, तर अर्ज फेटाळला जाणार होता.

मी पाणी दिलं. तिनं तांब्याला हात लावला नाही.

"काका, मी तीनदा आले व्हते. तुम्ही लिवत व्हता. वाटलं, लई शिकलेला माणूस हाय, नीट लिवत असंल."

"लिहिलं होतं हो..."

"मग वाचा की."

तिनं वहीच्या पानाची झेरॉक्स पुढं धरली. मी कसंबसं वाचलं.

"म्हंजी मी कंपनीला अक्कल शिकवाया आले व्हते व्हय?"

संध्याकाळी जुन्या साहेबांचा फोन आला. "काका, बाई येऊन गेली म्हणे. या वयात कचेरीच्या पायऱ्या कशाला चढता? तब्येत सांभाळा." आवाजात नुसती माया होती. गावकऱ्यांना परत पाठवताना मीही असाच बोलायचो.

तारखेला मी गेलो. तिच्या तिन्ही फेऱ्या, तिचे शब्द आणि त्यांच्या जागी मी घातलेले शब्द, सगळं लिहून दिलं.

वकिलानं विचारलं, "म्हणजे सरकारी सुनावणीत दाखवलेल्या वहीतली नोंद तुम्ही जाणूनबुजून खोटी केली?"

"हो."

मागच्या बाकावरून बाई म्हणाली, "मोठ्यानं म्हणा काका. हितं ऐकू नाय आलं."

मी पुन्हा म्हणालो.